थोरली बहीण घरीच राहते : परदेशी सराव करणारे फिगर स्केटर आणि त्यांची घरं

शिशिरा

जपानचा फिगर स्केटर युझुरु हान्यू २०१२ मध्ये आपलं सेंडाई शहर सोडून टोरांटोला ब्रायन ऑर्सर या कोचकडे शिकायला गेला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. आई बरोबर गेली. वडील आणि थोरली बहीण जपानातच राहिले. पुढची गोष्ट स्केटिंग बघणाऱ्यांना पाठ आहे. २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये सुवर्ण, २०१८ ला प्याँगचांगमध्ये पुन्हा सुवर्ण. पुरुष एकेरीत लागोपाठ दोन सुवर्णपदकं त्याआधी डिक बटनने मिळवली होती, १९४८ आणि १९५२ मध्ये.

हान्यूवर काहीही लिहिलेलं वाचा, 'त्याग' हमखास सापडतो. लहानपणापासूनचा दमा, ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा पायात स्केट्स असतानाच रिंकबाहेर धावत सुटणं, घरच्यांबरोबर निवारा केंद्रात काढलेले दिवस. सगळं खरंच आहे. पण मला कुतूहल वाटतं ते त्या घरातल्या थोरल्या मुलीचं. हा बर्फावर आला तोच मुळी बहिणीच्या मागे लागून. ती आधी शिकत होती, हा चार वर्षांचा असताना तिच्या मागोमाग आला.

एकदा हे लक्षात आलं की मग जिथे तिथे दिसायला लागतं. स्पेनचा हावियेर फर्नांडेझ बहीण लाउरा स्केटिंग करायची म्हणून रिंकवर आला. जपानच्या माओ असादाची थोरली बहीण माई स्वतः आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळलेली. कोरियाची किम युना टोरांटोला गेली तेव्हा आई तिच्यासोबत, वडील आणि थोरली बहीण कोरियात.

या बहिणींच्या मनात काय होतं ते त्याच जाणोत, मी त्यांच्या तोंडी शब्द घालत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बहुतेक घरांत एकाच मुलाला बाहेर पाठवण्याची ताकद असते. पैशांची तर असतेच मोजकी, पण त्याहून मोजका असतो आईचा वेळ. आई एका मुलाबरोबर समुद्रापार गेली की दुसऱ्याच्या वाट्याला फोन येतो. त्या दुसऱ्या मुलाला कोणी विचारलं होतं का? पदक मिळालं तर निदान घराला एक गोष्ट तरी मिळते सांगायला. नाही मिळालं तर?

या खेळातला त्याग आपण चुकीच्या माणसाच्या नावावर मांडतो असं माझं मत झालंय. ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. उडीतल्या चुका आणि परीक्षकांचा पक्षपात यावर वेगळे धागे आहेत, ते इथे नको.

नुसती जिज्ञासा

चांगला विषय. एक बाळबोध प्रश्न: जायचंच कशाला पण? जपान, कोरिया, रशिया इथे काय बर्फ नाही की कोच नाहीत? एका मुलासाठी आख्खं घर हलवण्यापेक्षा कोचलाच वर्षातून काही महिने बोलावलं तर नाही का चालणार?

आडवळणी

@नुसती जिज्ञासा, प्रश्न बाळबोध नाही, बऱ्याच संघटना हाच विचार करून बसतात.

बर्फ असतो, पण मिळत नाही. रिंक म्हटलं की तिथे हॉकी असते, शनिवार-रविवारची जत्रा असते, नवशिक्यांचे वर्ग असतात. उरलेला वेळ स्केटरचा, म्हणजे पहाट नाहीतर मध्यरात्र. किम युनाने कोरियात असताना सार्वजनिक रिंक बंद झाल्यावर रात्री उशिरा सराव केलाय. मेक्सिकोच्या डोनोव्हान कारिलोचं ग्वादालाहारातलं रिंकच बंद पडलं. मग तो कोचच्या मागोमाग लेओन शहरात गेला आणि तिथे मॉलमधल्या रिंकवर शिकला. २०२२ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने फ्री स्केटपर्यंत, म्हणजे स्पर्धेच्या दुसऱ्या भागापर्यंत मजल मारली. मॉलचा बर्फ म्हणजे आकाराने आखूड. लागोपाठ उड्या मारायला गेलं की कठडा समोर.

दुसरं कारण कोच. कोच एकटा नसतो, त्याच्याभोवती सगळं गाव वसलेलं असतं. उडी शिकवणारा वेगळा, स्केटिंगची चाल सुधारणारा वेगळा, नृत्य बसवणारा वेगळा, पात्यांना धार लावणारा वेगळा. हा धारवाला माणूस फार महत्त्वाचा, त्याचा हात बिघडला की आठवडा वाया. हे गाव उचलून कोणाकडे महिनाभर आणता येत नाही.

आणि तिसरं, मला सगळ्यात खरं वाटणारं कारण म्हणजे सोबत. ऑर्सरकडे हान्यू आणि फर्नांडेझ एकाच बर्फावर होते. एकाने क्वाड (चार गिरक्यांची उडी) मारली की दुसऱ्याला घरी जाववत नाही. फर्नांडेझने २०१५ आणि २०१६ चं विश्वविजेतेपद घेतलं, दोन्ही वेळा हान्यूला मागे टाकून. एकट्या मुलाला आपल्या गावात ही ईर्ष्या कुठून मिळणार?

त्याची किंमत मात्र आहेच. फर्नांडेझ सतराव्या वर्षी माद्रिद सोडून अमेरिकेत न्यू जर्सीला निकोलाय मोरोझोव्हकडे गेला. इंग्रजी जेमतेम. मग कोच जाईल तिकडे हा. अखेर २०११ मध्ये टोरांटो. त्या वयात मुलं कॉलेज बदलायला घाबरतात.

टोमणा

श्रीमंतांचे चोचले आहेत हो हे. ज्यांना परवडतं ते जातात, मग मुलाखतीत डोळे पुसतात. कोणी बळजबरी केली होती का? 'त्याग' म्हणजे गरज असलेली गोष्ट सोडणं. इथे तर हौस आहे.

शिशिरा

@टोमणा, फर्नांडेझची आई टपाल खात्यात होती आणि वडील लष्करात मेकॅनिक. हौस म्हणायची तर फार महाग पडलेली हौस आहे ही.

आणि मायकेल मार्टिनेझ बघा. फिलिपिन्सचा, दम्याचा रुग्ण, मॉलच्या रिंकवर गर्दीत शिकलेला. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये त्याच्या देशाचा तो एकुलता एक खेळाडू होता. आग्नेय आशियातून ऑलिंपिकला पोचलेला पहिला फिगर स्केटर. सरावासाठी कॅलिफोर्नियाला जावं लागायचं, आणि त्या खर्चापायी घर गहाण टाकलं होतं हे त्याच्या आईनेच सांगितलं होतं. तो १९ वा आला. एकोणिसाव्या क्रमांकाला बक्षीस काय मिळतं ते तुम्हीच शोधा.

पहिल्या क्रमांकाचंही फार काही नसतं. स्केटिंगच्या ग्रां प्री मालिकेतली एक स्पर्धा जिंकली तर बरीच वर्षं १८ हजार डॉलर मिळायचे. जोडी असेल तर ते दोघांत वाटायचे. टेनिसवाले एवढे पैसे मोठ्या स्पर्धेत पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरून घेऊन जातात. खरा पैसा जाहिराती आणि आइस शो यांत, आणि तो मोजक्या चेहऱ्यांनाच मिळतो.

बळजबरी कोणी केली विचारता, तर दहा-बारा वर्षांच्या मुलाला 'तुला जायचंय ना?' विचारणं म्हणजे नक्की काय विचारणं असतं? ते 'हो'च म्हणणार. घर गहाण पडल्यावर पंधराव्या वर्षी त्याने 'नाही' म्हणायचं कसं?

परसदार

वाचनमात्र असतो, पण या विषयावर गप्प बसवेना.

आम्ही परदेशात जिथे राहतो तिथून रिंक जवळ. क्लबने विचारलं म्हणून परदेशातून आलेली एक चौदा वर्षांची मुलगी आमच्याकडे राहायला होती. तिची आई येऊ शकली नव्हती, घरी धाकटा भाऊ आणि आजारी आजोबा. देश, नाव सांगत नाही.

मुलगी गुणी. इतकी गुणी की आम्हालाच काळजी वाटायची. चहाचा कप विसळून ठेवायची, दिवे मालवायची, पावलं न वाजवता जिना उतरायची. आमची स्वतःची पोरं त्या वयात दारं आपटत होती. पाहुणी म्हणून राहायचं वय नव्हतं ते, आणि ती सतत पाहुणीच होती. कोणाच्या घरी रुसायचं नाही, जेवायला नाही म्हणायचं नाही, आजारी पडायचं नाही.

घरी फोन असायचा, रोज. तिकडे संध्याकाळ तेव्हा इकडे पहाट. ती बूट बांधता बांधता बोलायची. आईने विचारलं कसं चाललंय की उत्तर ठरलेलं, छान. मी शेजारी उभा असायचो गाडीची किल्ली घेऊन. आदल्या दिवशी ती एकाच उडीवर इतक्या वेळा पडलेली असायची की पायऱ्या उतरताना कठडा धरत होती. तरी छान.

एकदा ती बर्फावर तोंडावर आपटली. हनुवटी फाटली. तसं किरकोळ, स्केटरमध्ये नेहमीचं. मी दवाखान्यात घेऊन गेलो तर टाके घालण्याआधी पालकाची सही पाहिजे. पालकांनी दिलेलं अधिकारपत्र आमच्याकडे होतं, पण त्यात नेमकं उपचाराचं कलम नव्हतं, फक्त शाळा आणि प्रवास. आईला फोन लावला, तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. उचलला नाही. मुलगी हनुवटीला टॉवेल लावून बसलेली आणि मला सांगत होती की आईला उठवू नका, सकाळी कामाला जायचंय तिला. शेवटी वडिलांनी उचलला, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मग हीच दुभाषी. स्वतःच्या टाक्यांची परवानगी स्वतःच वडिलांना समजावून मागत होती, अगदी बेताच्या आवाजात, मधेमधे टॉवेल बदलत. डॉक्टरही बघत राहिली.

टोमणा यांना एवढंच सांगतो, चोचले असतील, पण त्या संध्याकाळी मला तसं काही दिसलं नाही.

हाडवैदू

परसदार, प्रतिसाद आवडला म्हणवत नाही, पण पोचला.

खेळाडूंबरोबर काम करतो म्हणून शरीराच्या बाजूने थोडं लिहितो. क्वाड म्हणजे हवेत चार गिरक्या, आणि त्यासाठी मिळतात साधारण पाऊण सेकंदापेक्षा कमी. मग एका पायावर उतरायचं, शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार घेत. पाच ते आठ पट असा आकडा सर्रास सांगितला जातो. उतरतो तो घोटा ताठ चामड्याच्या बुटात जखडलेला, म्हणजे तो वाकून धक्का खाऊ शकत नाही. धक्का जातो गुडघा, कंबर, मणक्यात. दिवसात पन्नास-शंभर उड्या धरा, आणि हाडं अजून वाढतायत.

कझाकस्तानची एलिझाबेत तुर्सिनबायेवा आठवते? लहानपणापासून मॉस्को, मग टोरांटो, मग परत मॉस्को. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत तिने क्वाड साल्खो (साल्खो हा उडीचा एक प्रकार) टाकून रौप्य घेतलं. वरिष्ठ गटात मान्यता मिळालेली ती कोणाही मुलीची पहिली क्वाड. २०२१ मध्ये पाठीच्या दुखण्याने निवृत्त. एकवीस वर्षांची.

आणि वजन. हलकं शरीर लवकर फिरतं, हे भौतिकशास्त्र कोणालाच चुकत नाही. त्यामुळे कोच काही न बोलताही मुलगी कमी खायला लागते. ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला नाव दिलंय, थोडक्यात सांगायचं तर शरीराला लागते तेवढी ऊर्जाच मिळत नाही. पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, बारीक फ्रॅक्चर होतात. युलिया लिपनित्स्काया येकातेरिनबर्गहून आईबरोबर मॉस्कोला आली, पंधराव्या वर्षी सोचीत सांघिक सुवर्ण, आणि एकोणिसाव्या वर्षी अॅनोरेक्सियावर उपचार घेऊन खेळ सोडला.

घरी असलेल्या मुलीचं ताट आई बघते. परक्याच्या घरी, किंवा हॉस्टेलवर, ताट कोणी बघत नाही. मला वाटतं घरापासून लांब राहण्यातला सगळ्यात मोठा धोका हा आहे, एकटेपणा नंतर.

रिंकवरची आई

माझी मुलगी स्केटिंग करते, राष्ट्रीय पातळीच्या आसपास, वर नाही. तिच्यासाठी आम्ही दोघी दुसऱ्या देशात राहतो, नवरा आणि मुलगा घरी. त्यामुळे शिशिरा, तुझा धागा वाचताना दोनदा बंद केला.

आमची सकाळ सांगते. पहाटे बर्फ नुकताच झांबोनीने, म्हणजे बर्फ घासायच्या गाडीने गुळगुळीत केलेला असतो. पहिल्या पाच मिनिटांत त्यावर पडलेला ओरखडा बघून मला कळतं आज कसं जाणार आहे. उडीवरून नीट उतरलं की मागे एक लांब, एकसलग वळण उमटतं. गडबडलं की खरवडल्यासारखं पांढरं. बर्फावर नियम असतो, ज्याचं संगीत लागलंय त्याला वाट द्यायची. आठ-दहा मुलं एकमेकांच्या अंगावरून वाऱ्यासारखी जातात आणि क्वचितच धडकतात. कोच काठीला बांधलेल्या पट्ट्यात अडकवून उडी मारायला लावतो, पोर हवेत दोन क्षण जास्त राहतं, आणि मग पट्टा काढल्यावर धप्प. मी वर बाकड्यावर ब्लँकेट घेऊन बसलेली असते. आम्ही सगळ्या आया तिथे असतो आणि एकमेकींशी जपून बोलतो. आपली मुलं एकमेकांची प्रतिस्पर्धी आहेत ना.

माझी नोकरी गेली. पाहुण्याच्या व्हिसावर बहुतेक देशांत काम करता येत नाही, हे कोणी आधी ठळक अक्षरात सांगत नाही. माझं शिक्षण, माझी ज्येष्ठता, सगळं बासनात. मला त्याचं वाईट वाटतं हे मी मुलीसमोर बोलत नाही आणि तिला ते माहीत आहे. हेच तिच्या खांद्यावरचं खरं ओझं. वाईट पडली की ती आधी माझ्याकडे बघते. दुखलंय म्हणून नव्हे, माझा चेहरा तपासायला.

मुलगा बारा वर्षांचा. गेल्या सुट्टीत घरी गेले तर त्याचा आवाज फुटलेला. फोनवर लक्षात आलं नव्हतं, की आलं होतं आणि मी सर्दी समजले, देव जाणे. तो बहिणीवर चिडत नाही. माझ्यावरही नाही. तो मला सगळं नीट, क्रमाने सांगतो, अभ्यास, परीक्षा, मॅच. पाहुण्यांना सांगतात तसं.

पण हाडवैदू आणि शिशिरा, दुसरी बाजूही लिहा की. माझी मुलगी बर्फावर असते तेव्हा ती जशी दिसते तशी इतर कुठेही दिसत नाही. मी तिला ओढून आणलेलं नाही. सुट्टीत दोन आठवडे बर्फ नसेल तर ही घरात मोजे घालून फरशीवर गिरक्या घेते. तिला बंद कर म्हणणं हाही काही छोटा अन्याय झाला नसता.

टोमणा

@रिंकवरची आई, माझा शब्द तुम्हाला उद्देशून नव्हता. पण प्रश्न तसाच आहे. राष्ट्रीय पातळीच्या आसपास असताना थांबायचं कधी, हे कोण ठरवतं?

रिंकवरची आई

कोणीच ठरवत नाही. दर सीझनला आम्ही म्हणतो पुढच्या सीझननंतर बघू.

आडवळणी

एक वेगळा पैलू आहे, जोडीने खेळणाऱ्यांचा. एकेरीत निदान झेंडा आपला राहतो. जोडीदार दुसऱ्या देशाचा असेल तर तोही बदलावा लागतो. जागतिक स्पर्धेला जोडीतल्या एकाचं नागरिकत्व पुरतं, ऑलिंपिकला दोघांचं लागतं. शिवाय जुन्या संघटनेकडून रिलीज, म्हणजे दुसऱ्या देशाकडून खेळायची मोकळीक घ्यायची.

जपानची युको कावागुची १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये बेरेझनाया आणि सिखारुलिद्झे ही रशियन जोडी बघून भारावली आणि त्यांच्या कोच तमारा मोस्क्विना यांना थेट पत्र लिहिलं. पुढे त्यांच्यापाठी अमेरिकेत, मग सेंट पीटर्सबर्गला. रशियाकडून ऑलिंपिक खेळता यावं म्हणून तिने २००९ मध्ये जपानी नागरिकत्व सोडलं, कारण जपान दुहेरी नागरिकत्व मानत नाही. व्हँकुव्हरला २०१० मध्ये चौथी. पदक एका पायरीने हुकलं. नंतर सोची, म्हणजे स्वीकारलेल्या देशातलंच ऑलिंपिक, तर जोडीदार स्मिर्नोव्हचा गुडघा गेला आणि दोघं बाहेर. तरी ती थांबली, २०१५ ला पुन्हा युरोपीय विजेती झाली. मधल्या काळात विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकली. मला या खेळातली ती सगळ्यात कणखर बाई वाटते.

तिच्यासारखंच आल्योना साव्हचेन्कोचं. युक्रेनमधून २००३ मध्ये जर्मनीत केम्निट्झला, दोन वेळा ऑलिंपिक कांस्य, मग फ्रान्सच्या ब्रुनो मासोबरोबर नवी जोडी. त्याच्या रिलीजसाठी फ्रेंच संघटनेने पैसे घेतले, आणि त्याला जर्मन भाषेची परीक्षा पास व्हावी लागली. नागरिकत्व मिळालं २०१७ च्या शेवटी, ऑलिंपिक तोंडावर असताना. २०१८ ला सुवर्ण, ती चौतीस वर्षांची.

पण या दोघी सज्ञान होत्या, स्वतः निर्णय घेतलेल्या. एकातेरिना अलेक्सांद्रोव्स्कायाचं तसं नव्हतं. मॉस्कोची मुलगी, वडील गेलेले, २०१६ मध्ये सोळाव्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या हार्ली विंडसरबरोबर खेळायला तिकडे गेली. २०१७ ला दोघं ज्युनिअर विश्वविजेते, ऑस्ट्रेलियाचं फिगर स्केटिंगमधलं पहिलं विश्वविजेतेपद. त्याच वर्षी नागरिकत्व, पुढच्या वर्षी ऑलिंपिक. २०२० च्या सुरुवातीला अपस्माराचं निदान होऊन खेळ थांबला. जुलैमध्ये मॉस्कोत तिचा मृत्यू झाला. वीस वर्षांची.

कारणांचा काथ्याकूट मला करायचा नाही. फक्त नागरिकत्वाची कागदपत्रं किती लवकर झाली ते बघा. पदकाची शक्यता दिसली की सरकारं झपाट्याने कामाला लागतात. पदक संपल्यावर त्या मुलीची चौकशी करायचं काम कुठल्या खात्याचं?

खडूस काका

वयाच्या नियमाचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून मी करतो. बीजिंगमध्ये रशियाच्या पंधरा वर्षांच्या वालियेवाचं जे झालं (उत्तेजक चाचणीचं प्रकरण) त्यानंतर जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाचं किमान वय १५ वरून १७ केलं. १०० विरुद्ध १६ मतांनी. एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने, २०२४-२५ च्या सीझनपासून पूर्ण १७.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही. नियम खेळायच्या वयाचा आहे, घर सोडायच्या वयाचा नाही. पोरं अकराव्या-बाराव्या वर्षी बाहेर पडायची ती पडतातच. आता फक्त वरिष्ठ स्पर्धांचं पहिलं बक्षीस, पहिला प्रायोजक दिसायला दोन वर्षं जास्त थांबायचं. म्हणजे आई अजून दोन वर्षं त्या बाकड्यावर.

हाडवैदू

काका, अर्धं पटलं. पण वाढीच्या ऐन वयात क्वाडचा आटापिटा करण्याचं कारण कमी झालं, ही जमेची बाजू लहान नाही. सतराव्या वर्षी उपयोगी पडणारं शरीर हवं असेल तर कोचला चौदाव्या वर्षी ते जपावं लागेल.

खडूस काका

जपावं 'लागेल' हा तुमचा भाबडेपणा. एक मोडलं तर दुसरं पोर तयार असतं.

शिशिरा

माओ असादाचं राहिलं. ती काही काळ कॅलिफोर्नियात सरावाला होती, २००८ च्या सुरुवातीला जपानला परतली. परतलेली असूनही २०११ च्या डिसेंबरमध्ये नेमकी ग्रां प्री फायनलसाठी क्युबेकला होती आणि इकडे आईची तब्येत ढासळली. स्पर्धा सोडून निघाली, पण ती पोचायच्या आधीच आई गेली होती. दोन आठवड्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि जिंकली. लोक त्या जिंकण्याला जिद्द म्हणतात. मला प्रश्न पडतो की तिने घरी बसायचं ठरवलं असतं तर लोक काय म्हणाले असते.

@रिंकवरची आई, धागा दोनदा बंद करावासा वाटला असं लिहिलंत ते मनात राहिलं. मी दूरवरून बघणारी आहे, तुम्ही बर्फाशेजारी. तुमच्या मुलाबद्दलची ओळ वाचून मला वाटलं, हा धागा ज्यांच्यासाठी काढला ते इथे येऊन लिहिणारच नाहीत.

नुसती जिज्ञासा

एवढं सगळं वाचून उदास व्हायला झालं म्हणून अमेरिकेच्या अलिसा ल्यूचं नाव घेते. ती परदेशात नव्हती, पण सरावासाठी घरापासून लांब कोलोरॅडोत राहिली होती. एकट्या वडिलांनी वाढवलेली पाच भावंडं, त्यांतली थोरली ही. २०२२ ला ऑलिंपिकमध्ये सहावी, जागतिक कांस्य, आणि लगेच सोळाव्या वर्षी निवृत्ती. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला जाऊन आली, मानसशास्त्र शिकायला लागली. मग २०२४ मध्ये स्वतःहून परतली, आणि २०२५ ला बॉस्टनमध्ये विश्वविजेती. संगीत, कपडे, किती सराव, सगळ्यात तिचा शब्द. म्हणजे असंही होऊ शकतं.

खडूस काका

होऊ शकतं. तिच्या मागे तिच्या अटी ऐकून घेणारे कोच होते आणि देशात भरपूर बर्फ. मार्टिनेझने दोन वर्षं सुट्टी घेतली असती तर घर सोडवायला कोण येणार होतं?

वळवाचा पाऊस

धागा शोधतच आले. भाचीला, वय बारा, कोच म्हणतायत परदेशी अॅकॅडमीत पाठवा, आताच नाही तर उशीर होईल. बहीण गोंधळलीय. मागचं सगळं वाचलं. कोणी जाऊ नका म्हणणार, कोणी जा म्हणणार, ते नको. पाठवण्याआधी विचारायचं काय, ते सांगा.

हाडवैदू

तिथे फिजिओ आहे का, आणि तो पगार कोचकडून घेतो की स्वतंत्र? मुलीला विश्रांती सांगायचा अधिकार त्याला आहे का? पाळी, वजन यांच्या नोंदी कोण ठेवतं आणि त्या कोणाला दिसतात? उन्हाळ्यातला महिनाभराचा वर्ग असतो बऱ्याच ठिकाणी, आधी तिथे पाठवा. महिन्याभरात खूप कळतं.

परसदार

अधिकारपत्रात उपचाराचं कलम घाला. दोन भाषांत करून घ्या. आणि जिच्या घरी राहणार त्या बाईशी बहिणीने स्वतः बोलावं, कोचमार्फत नको.

रिंकवरची आई

कोचला विचार की मागच्या पाच वर्षांत किती मुलं तुमच्याकडे बाहेरून आली आणि त्यांतली किती सोडून गेली. नावं नकोत, आकडा सांगा म्हणावं. सांगायला का-कू केली तर समजून जा. सोडून गेलेल्या एखाद्या मुलीच्या आईचा नंबर मिळाला तर बघ, जिंकलेल्यांच्या आया काहीही सांगतील.

आपण थांबणार कधी, हे बहिणीने आणि मेव्हण्यांनी आताच कागदावर लिहून ठेवावं. वय, नाहीतर पैसा, नाहीतर दुखापत, काहीतरी एक. आम्ही लिहिलं नाही.

आणि भाचीला भावंड असेल तर त्यालाही बैठकीला बसव.

वळवाचा पाऊस

आहे, धाकटा, आठ वर्षांचा. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. बहिणीला धागा पाठवते.